मुकादम सरांचे नियम

मुकादम सरांशी माझी ओळख झाली तीच एका अपमानाने. निदान तेव्हा मला तो अपमान वाटला होता.

नवऱ्याच्या कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टमुळे आम्ही पुण्याहून जपानात सेंदाईला आलो, त्याला दीड वर्ष झालं होतं. माझं जपानी कामापुरतं जमायला लागलं होतं आणि घरात बसून जीव कंटाळला होता. तिथल्या एका विद्यापीठात, भूकंपात जमिनीचं काय होतं याचा अभ्यास करणाऱ्या लॅबला सेक्रेटरी हवी होती. जाहिरातीत खाली प्राध्यापकांचं नाव होतं, मुकादम. मी ते तीनदा वाचलं. मुलाखतीला गेले तेव्हा समोर पन्नाशीचे, उंच, जरासे पोक आलेले गृहस्थ उभे होते. दाढी पिकत चाललेली, पण नीट कापलेली. माझा अर्ज हातात धरून ते म्हणाले, "या, मृदुलाताई. बसा. माहेर कुठलं तुमचं?"

सेंदाईत कुणी माहेर विचारेल असं मला वाटलं नव्हतं. इतका आनंद झाला की मी सरळ पुढे होऊन हात पुढे केला. सरांनी स्वतःचा उजवा हात छातीवर ठेवला, मान किंचित झुकवली आणि म्हणाले, "बरं वाटलं भेटून." माझा हात तसाच पुढे राहिला. मग मी तो पर्सच्या पट्ट्याकडे नेला, जणू पट्टाच नीट करायचा होता.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अशा माणसाच्या हाताखाली काम करायचं? सोड, दुसरं बघ." मी सोडणारच होते. पण नोकरी मिळाल्याचा ईमेल दुसऱ्याच दिवशी आला, आणि मीही हट्टी आहे. म्हटलं, महिनाभर बघू.

आठवड्याभराने सरांनी आपणहून विषय काढला. मी त्यांच्या टेबलावर सह्यांचे कागद ठेवत होते.

"ताई, त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटलं."

"नाही सर, तसं काही नाही."

"वाटलं. मी पाहिलं. मी परक्या बाईशी हात मिळवत नाही. तो माझा नियम आहे, आणि माझ्या नियमाचा त्रास मला व्हायला पाहिजे. त्या दिवशी तो तुम्हाला झाला. त्याबद्दल माफी मागतो."

मी "इट्स ओके सर," असं काहीतरी पुटपुटले.

"जपानी माणसं बरी," ते पुढे म्हणाले. "कमरेत वाकलं की झालं. वीस वर्षांत मला इथे कधी अडचण आली नाही. अडचण येते ती आपलं माणूस भेटलं की."

सरांचं गाव गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून. सातवीपर्यंत शिक्षण मराठी शाळेत झालेलं. त्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होतं, आणि याचा मला रोज थोडा त्रास व्हायचा. मी "सॅम्पल्स डिलिव्हर झालेत" म्हणायचे, ते म्हणायचे, "नमुने आले का? छान." गावाहून त्यांच्या आईचा रोज फोन यायचा, तेव्हा मात्र ते वेगळ्याच कोकणीत बोलायचे आणि मला अर्धंच कळायचं. आई बहुधा रोज एकच प्रश्न विचारायच्या, कारण सर रोज एकच उत्तर द्यायचे, "जेवलो, जेवलो."

पण सेंदाईतल्या त्या मजल्यावर सर ओळखले जायचे ते त्यांच्या दारावरून. खोलीत विद्यार्थिनी असली, की दार सताड उघडं. लाकडाची एक पाचर होती, ती ते स्वतः वाकून दाराखाली सारायचे. मी सह्या घ्यायला गेले तरी पाचर. कुणी पुरुष असला तर दार बंद. आता सेंदाईचा हिवाळा. कॉरिडॉरमध्ये हीटर नसतो. जानेवारीत त्या उघड्या दारातून असा गारठा आत शिरायचा की शाई गोठेल. सर आपले जाड कापसाचं जपानी जॅकेट घालून बसायचे आणि समोरच्या मुलीच्या खुर्चीजवळ छोटा विजेचा हीटर ठेवायचे. एकच होता, तो तिला.

इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या कानो-सान म्हणून एक बाई होत्या. साठीला आलेल्या, शिस्तीच्या, वीज वाचवण्याच्या बाबतीत फार कडक. त्या एक दिवस माझ्याकडे आल्या आणि अतिशय नम्रपणे म्हणाल्या, की मुकादम सेन्सेईंच्या, म्हणजे सरांच्या, दारामुळे चौथ्या मजल्याची सगळी उष्णता बाहेर जाते, तर काही करता येईल का. मी सरांना सांगितलं. सर स्वतः खाली त्यांच्या ऑफिसात गेले, वाकून माफी मागितली आणि एक अर्ज देऊन आले. माझ्या दाराला काच बसवून द्या, म्हणजे मला दार बंद करता येईल.

अर्जाला कारण लिहावं लागतं. सरांनी लिहिलं होतं, "आत काय चाललं आहे ते बाहेरून दिसावं म्हणून."

अर्ज वरच्या ऑफिसात गेला आणि तिथेच बसला. एक हिवाळा गेला, दुसरा आला. मग एक दिवस कानो-सान वर आल्या, सरांच्या खोलीपाशी थांबल्या. आत एक जपानी विद्यार्थिनी दातांवर दात आपटत आकडे समजावून सांगत होती. कानो-सान बराच वेळ ते पाहत उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "मी तरुणपणी ज्या ऑफिसात होते, तिथल्या साहेबाच्या दाराला काच असती तर बरं झालं असतं." त्यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्या वसंतात आमच्या मजल्यावर कामगार आले, आणि सरांच्याच नाही तर सगळ्या प्राध्यापकांच्या दारांना काचा बसल्या. अर्ज कानो-साननी पुन्हा नव्याने लिहिला होता, चौथ्या मजल्यावरच्या अकरा बायकांच्या सह्या घेऊन. त्यात माझीही होती.

सरांना या गोष्टीचं कौतुक वाटलं असेल तर ते दिसलं नाही. "आता हीटर मी वापरू का?" त्यांनी मला विचारलं.

नियम तसे बरेच होते. लिफ्टमध्ये एकटी बाई असेल तर सर जिन्याने जायचे, चार मजले, हातात मातीच्या नमुन्यांच्या नळ्या असल्या तरी. लॅबच्या पार्ट्यांना यायचे, पण उलॉन्ग चहाचा एक ग्लास घेऊन अर्धा तास बसायचे आणि पहिली बिअर संपायच्या आत सगळ्यांना नमस्कार करून उठायचे. बोलताना बाईच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत नसत. नजर जरा खाली, टेबलाच्या कडेवर. सुरुवातीला मला वाटायचं, हे माझं ऐकतच नाहीत. मग लक्षात आलं, मी तीन आठवड्यांपूर्वी सहज बोललेलं वाक्यही त्यांना आठवायचं.

त्यांच्या बायकोला, फरीदाभाभींना, या सगळ्याची गंमत वाटायची. त्या दापोलीच्या. सेंदाईत एका पाळणाघरात नोकरी करायच्या आणि जपानी मुलांना ओरडताना मराठीत ओरडायच्या. एकदा घरी जेवायला बोलावलं होतं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "बाहेर एवढे नियम पाळतात, घरात चहाचा कप उचलायचा नियम पाळत नाहीत." सर मान खाली घालून हसले आणि कप उचलून आत गेले. त्यांची मुलगी सना तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. आई मराठीत विचारायची, ती जपानीत उत्तर द्यायची, आणि सर दोघींना दोन्ही भाषांत गप्प करायचा प्रयत्न करायचे.

हे सगळं मी आज कौतुकाने सांगते आहे, पण एकदा मला त्या नियमांचा मनापासून राग आला होता, तेही सांगायला हवं.

एका सकाळी लॅबमध्ये असताना सांगलीहून भावाचा फोन आला. आई गेली. तशी आजारी नव्हती. सकाळी उठलीच नाही. मी फोन ठेवला आणि तिथेच खुर्चीत बसून रडायला लागले. आवाज ऐकून सर आले. दाराशी थांबले. मी "आई" एवढंच म्हणाले. ते दोन पावलं आत आले आणि थांबले. माझ्यापासून दोन हातांवर. त्यांचा हात उचलला गेला होता, मला दिसत होतं. तो तसाच परत खाली गेला. त्या क्षणी मला वाटलं, असला कसला धर्म, की समोर रडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवता येत नाही. माझे वडील असते तर त्यांनी ठेवला असता. परक्या जपानी म्हाताऱ्यानेही कदाचित ठेवला असता.

सर वळले आणि जवळजवळ धावतच गेले. मिनिटभरात सिती आली. इंडोनेशियाहून आलेली आमची पीएचडीची विद्यार्थिनी. तिने मला जवळ घेतलं ते सोडलंच नाही. मी किती वेळ रडले मला आठवत नाही. मान वर केली तेव्हा लॅबच्या दाराच्या काचेतून दिसलं, सर बाहेर कॉरिडॉरमध्ये दाराकडे पाठ करून उभे होते. कुणी आलं की हात वर करून थांबवत होते. एका प्राध्यापकाला त्यांनी असंच परत पाठवलं. दुपारपर्यंत फरीदाभाभी पाळणाघरातून सुट्टी काढून आल्या, घरी जाऊन माझी बॅग त्यांनीच भरली, आणि नवरा ऑफिसच्या कामासाठी ओसाकाला गेलेला असल्यामुळे शिन्कान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, विमानतळापर्यंत माझ्यासोबत आल्या. वाटेत मऊ भात खायला घातला.

परत आल्यावर मी सरांना म्हटलं, "सर, त्या दिवशी मला तुमचा राग आला होता."

ते म्हणाले, "मलाही आला होता, माझा." मग म्हणाले, "नियम सोपा असतो तोवर तो नियम आहे हे कळतच नाही, ताई. त्या दिवशी अवघड होता." बरोबर होता की चूक, हे ते बोलले नाहीत. मला अजूनही वाटतं, त्या दिवशी त्यांनी हात ठेवायला हवा होता.

आणि आता सितीची गोष्ट. तिच्यामुळेच सर मला खऱ्या अर्थाने कळले.

सितीचं तिसरं वर्ष चालू होतं. किनाऱ्यावरच्या एका गावात नवी शाळा बांधायची होती, आणि तिथली जमीन भूकंपात टिकेल की पाण्यासारखी हलेल, हे तपासायचं काम तिच्या संशोधनात होतं. जमिनीत लांब नळ्या ठोकून खालची माती जशीच्या तशी वर काढायची. तीन दिवसांचं काम, दोन रात्रींचा मुक्काम. बरोबर मोरी-सान म्हणून आमचे वयस्क तंत्रज्ञ आणि दोन विद्यार्थी, सगळे पुरुष. दोन वर्षं ती या कामाची वाट पाहत होती.

विद्यापीठातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांचा एक छोटा गट होता. जिन्याखालची एक खोली त्यांना नमाजासाठी मिळाली होती. गटाचा प्रमुख तारिक नावाचा मुलगा. हुशार, पाठांतर उत्तम, नेहमी इस्त्रीचा शर्ट. एक दिवस दुपारी तो सरांना भेटायला आला. मी तेव्हा सरांच्याच खोलीत कपाट लावत होते. तो मला पाहून थांबला. सर म्हणाले, "बस. त्यांचं काम चालू दे." बोलणं इंग्रजीत झालं.

तारिकने एक कागद काढला. गटाने विद्यार्थिनींच्या वागणुकीसाठी काही नियम ठरवले होते. नमाजाच्या खोलीत पडदा हवा. चर्चासत्रात मुलींनी वेगळ्या बाजूला बसावं. लॅबमध्ये मुलांबरोबर एकत्र प्रयोग टाळावेत. मुक्कामाच्या सहलींना जाऊ नये. असे बारा. सरांनी सही केली तर सगळे ऐकतील, कारण सरांना सगळे मानतात. आणि सितीला त्या कामावर पाठवू नये, ही वेगळी विनंती.

मी फाइल हातात धरून उभी राहिले. मनात म्हटलं, आता कळेल.

सरांनी कागद सावकाश वाचला. मग उलटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"तुझे नियम मागे लिहिलेत का?" त्यांनी विचारलं.

"माझे?"

"इथे बारा आहेत. बाराही मुलींसाठी. तुझ्यासाठी कोणते?"

"सर, आम्ही तर..." तारिक अडखळला. "हे त्यांच्या भल्यासाठी आहे. त्यांच्या इज्जतीसाठी."

"नजर खाली ठेवायला आधी कुणाला सांगितलंय? तुला माझ्यापेक्षा चांगलं पाठ आहे."

तारिकने शर्टाची बाही सारखी केली. मला तेव्हा संदर्भ कळला नाही. नंतर सरांनी सांगितलं, कुराणात नजर खाली ठेवायला आधी पुरुषांना सांगितलंय आणि मग बायकांना.

"आधी पुरुषांना," सरच म्हणाले. "मी तीस वर्षं त्या एकावरच अडकलोय. माझं तेच अजून पूर्ण झालेलं नाही, तर पुढच्या माणसाला नियम लावायला मला वेळ कुठून मिळणार?" त्यांनी कागदाची घडी घातली. "तरी तू विषय काढलास तर आपण विचारू. सितीला बोलवा, ताई."

सिती आली. सरांनी कागद तिच्या पुढे सरकवला. "यातलं तुला काय हवंय ते सांग. काय नको तेही."

सिती गोरीमोरी होईल असं मला वाटलं होतं. ती छोटीशी, शांत मुलगी. तिने पेन काढलं आणि परीक्षेचा पेपर तपासावा तसा कागद वाचला. पहिल्या ओळीवर बरोबरची खूण केली.

"पडदा हवा," ती म्हणाली. "आम्ही दोन वर्षांपासून मागतोय. नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना, स्कार्फ काढावा लागतो आणि मध्येच कुणीतरी आत येतं. पण पडद्याची कडी आतल्या बाजूने हवी. आमच्या बाजूने."

मला खरं तर धक्काच बसला. मला वाटत होतं, तीच पडद्याला सगळ्यात आधी काट मारेल. माझ्या डोक्यात एक मुक्त झालेली मुलगी तयार होती, आणि ही सिती काही ती नव्हती.

बाकीच्या अकरा ओळींवर तिने एकच उभी रेघ मारली. "आणि कामावर मी जाणार. एकट्या पुरुषाबरोबर गाडीत बसणार नाही, आणि मला वेगळी खोली हवी. माझं एवढंच आहे."

"ठीक," सर म्हणाले. तारिक उठला. त्याने सलाम केला, पण दाराकडे पाहून. त्या शनिवारी सर घरून ड्रिल घेऊन आले आणि जिन्याखालच्या खोलीत पडद्याचा दांडा स्वतः बसवला. कडी सिती दाखवेल तिथे.

पण प्रकरण तिथे संपलं नाही. चारच दिवसांत सितीच्या वडिलांचा फोन आला. कुणीतरी त्यांना कळवलं होतं, की तुमची मुलगी तीन पुरुषांबरोबर मुक्कामाला जाते आहे आणि प्राध्यापक तिला अडवत नाहीत. वडील गावच्या शाळेत हेडमास्तर. त्यांनी तिला सगळं सोडून घरी यायला सांगितलं. सिती माझ्या टेबलाशी येऊन बसली. रडत नव्हती. नुसती टेबलावरच्या कॅलेंडरकडे पाहत होती. "अडीच वर्षं," ती म्हणाली.

सरांनी तिला विचारलं, "मी बोलू का? तू नको म्हणालीस तर नाही बोलणार." ती हो म्हणाली. फोन स्पीकरवर लावला. मला तिथेच थांबायला सांगितलं. पलीकडून जड, दमलेला आवाज आला. तुटक इंग्रजी.

"प्रोफेसर, तुम्ही मुसलमान आहात. तुम्हालाही मुलगी आहे असं ऐकलं. माझ्या मुलीची जबाबदारी तुम्ही घेता का?"

हो म्हणावं आणि विषय मिटवावा, असं मला वाटत होतं. सर म्हणाले, "नाही घेऊ शकत. ती सत्तावीस वर्षांची आहे. तिची जबाबदारी ती घेते, मी पाहिलंय. मी फक्त माझी घेऊ शकतो. माझ्या लॅबमधल्या पुरुषांची घेऊ शकतो."

पलीकडून प्रश्न आला, "ती नमाज पढते का?"

"ते मी बघत नाही," सर म्हणाले. "माझा स्वतःचा चुकतो की काय ते बघण्यात माझा वेळ जातो."

सितीने तोंडावर हात धरला. आणि वडिलांनी एकदम वेगळंच विचारलं, "ती जमिनीतून काय काढणार आहे?"

सरांनी सांगितलं. शाळेखालची माती. सावकाश, सोप्या शब्दांत, जमीन हलते तेव्हा वाळूतलं पाणी कसं वर येतं आणि वरचं बांधकाम कसं खचतं. पाच-सहा मिनिटं ते बोलत होते. हेडमास्तर मध्ये मध्ये "हं" म्हणत होते. त्यांच्या भागात एका भूकंपात जमीन अशीच पातळ झाली होती. हे त्यांनीच सांगितलं. त्यांच्या शाळेची एक भिंत त्यात गेली होती. शेवटी म्हणाले, "तिने मला हे कधी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारा," सर म्हणाले. "माझ्यापेक्षा ती चांगलं सांगते." आणि फोन तिच्याकडे देऊन मला खूण केली. आम्ही दोघं बाहेर आलो.

ती कामावर गेली. सरही निघाले, आणि तिच्याबरोबर मी गेले, कारण गाडीत दुसरी बाई हवी होती. जपानी लायसन्स मिळून मला तीन आठवडे झाले होते. सरांनी सगळे पुरुष आणि यंत्रं व्हॅनमध्ये घातली, स्वतः चालवायला बसले, आणि पुढच्या छोट्या गाडीत मी आणि सिती. मी ताशी चाळीसच्या वर जायला धजत नव्हते. आरशात पाहिलं तर सरांची व्हॅन मागे, आणि व्हॅनच्या मागे गाड्यांची ही लांब रांग. दोन तासांच्या रस्त्याला साडेतीन तास लागले. त्यांनी एकदाही ओव्हरटेक केलं नाही. पोचल्यावर मोरी-सान गाडीतून उतरले आणि मला अतिशय सभ्यपणे म्हणाले, "देखावा छान पाहायला मिळाला."

दुसऱ्या दिवशी नळी अकरा मीटरवर अडकली. मोरी-सान म्हणत होते, जोर लावू. सिती चिखलात गुडघे टेकून बसली, नळीला कान लावला, हाताने थोडी फिरवली आणि म्हणाली, "जोर नको. खाली शिंपले आहेत. अर्धा फेरा उलटा फिरवा." नळी निघाली. आतली माती न तुटता वर आली, राखाडी, त्यात पांढऱ्या शिंपल्यांचा एक पट्टा. सर दहा पावलांवर छत्री धरून उभे होते. छत्री मिटून, पावसात भिजत नमुन्यांच्या पेट्या उचलायला लागले.

वडिलांना निरोप कुणी दिला हे सरांना माहीत होतं. सितीलाही अंदाज होता. तिने सरळ विचारलं तेव्हा सर म्हणाले, "ज्याने कळवलं, त्याला तेव्हा तेच बरोबर वाटलं असेल."

"मला नाही माफ करता येणार," ती म्हणाली.

"करू नकोस," सर म्हणाले. "तो तुझा हक्क आहे."

पुढच्या वर्षी तारिकला नोकरीसाठी शिफारसपत्र हवं होतं. सरांनी दिलं. मीच टाइप केलं, आणि ते चांगलं होतं, म्हणून मला त्यांचा थोडा रागही आला. मी तसं बोलून दाखवलं. सर म्हणाले, "पत्रात त्याच्या गणिताबद्दल लिहिलंय, ताई. त्याचं गणित चांगलंच आहे."

सितीला पीएचडी मिळाली तेव्हा हेडमास्तर आले होते. बुटके, टोपी घातलेले. सरांना त्यांनी मिठी मारली ती बराच वेळ. सिती आता तिच्या देशात शिकवते. तिच्या खोलीच्या दाराला काच आहे की नाही, मला माहीत नाही.

मग नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही सेंदाई सोडून तोक्योजवळ ग्योतोकुला राहायला आलो. इथे मराठी बोलायला माणसं आहेत, कोथिंबीर मिळते, गणपतीला गर्दी होते. सरांचा दिवाळीला न चुकता फोन यायचा.

गेल्या वर्षी मार्चअखेर, एका रविवारी, त्यांचा फोन आला तो इथूनच. सनाला तोक्योतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि तिने ग्योतोकुला एक खोली भाड्याने घेतली होती, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. मी डबा घेऊन गेले. दुसऱ्या मजल्यावर सर एकटेच फ्रिज भिंतीला लावत होते. केस पूर्ण पांढरे झालेले. सना पायजम्यातच जमिनीवर बसून पुस्तकांची खोकी रिकामी करत होती. केस मोकळे, डोक्यावर काही नाही. माझी नजर क्षणभर तिथे गेली आणि मी ती पटकन काढली. सरांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी फ्रिजची वायर जोडली. खालच्या मजल्यावर दोन मुलगे राहायला येत होते, त्यांची खोकी जिन्यात होती. सरांनी त्यांना वाट करून दिली आणि एक खोकं वर धरायलाही मदत केली.

निघताना मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले. सनाला त्यांनी घरीच थांबायला सांगितलं, तिला आवराआवर होती.

"काळजी करू नका सर," मी म्हटलं. "मी आहे इथे. लक्ष ठेवीन तिच्यावर."

ते चालता चालता थांबले. "लक्ष नको ठेवू, ताई." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याशी एकेरीत बोलले. "ओळख ठेव. तेवढं पुरे."

त्यांच्या काखेत खोक्यांचे पुठ्ठे होते, दाबून सपाट केलेले, दोरीने बांधलेले. बरेच होते. मला वाटलं, वाटेत कुठे टाकायचे असतील.

"इथे पुठ्ठा मंगळवारी उचलतात," मी सांगितलं.

"माहीत आहे. तिच्या दारावर कचऱ्याच्या दिवसांचा तक्ता लावलाय. ती विसरेल."

"मग सांगून यायचं ना तिला."

"सांगून आलो असतो, तर मंगळवारपर्यंत दहादा फोन केला असता, टाकलास का म्हणून." ते जरासे हसले. "त्यापेक्षा मीच नेतो. सेंदाईला आमच्याकडे उद्या उचलतात."

स्टेशनच्या गेटमधून आत जाताना तो गठ्ठा अडकला. त्यांनी तो आडवा केला, मग उभा केला, मागच्या माणसांना वाकून माफी मागितली आणि पलीकडे गेले. जिना चढताना एक बाई मुलाला घेऊन खाली येत होती, तर ते भिंतीला चिकटून बाजूला उभे राहिले, पुठ्ठे छातीशी धरून, ती जाईपर्यंत. मग वर गेले. मी गाडी सुटल्याचा आवाज येईपर्यंत खालीच उभी होते.